पाणी सोडून

१२ जानेवारी १९८६, रविवार

कामाच्या नोंदी कामाच्या जागी राहतील. त्यांत न बसणारं तेवढं इथे लिहायचं ठरवलं आहे. ते फार असेल असं वाटत नाही.

गुरुवारी रत्नागिरीत आले. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वाहतूक कंपनीचं आवार आहे. वर्षभर इथून बर्फातली मासळी मुंबईला जाते, एप्रिल-मेमध्ये आंबा. मागच्या पावसाळ्याआधी एका ड्रायव्हरला गाडी चालवतानाच हृदयविकाराचा झटका आला. तो गेला, शेजारी बसलेला क्लीनरही गेला. त्यावर विमावाल्यांनी अट घातली की पंच्याऐंशी किलोंच्या वरचा माणूस लांबच्या गाडीवर बसवायचा नाही. तपासणी एक एप्रिलला. तोवर आठ ड्रायव्हरांचं वजन उतरवण्यासाठी मला नेमलं आहे. आहारशास्त्राची पदविका घेतल्यानंतरची ही पहिली नोकरी.

उंची न बघता सगळ्यांना एकच आकडा, हे शास्त्राला धरून नाही. शिवाय आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवणं बरोबर नाही. मॅनेजर आत्माराम यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, "मॅडम, आकडा माझा नाही. तारीखही माझी नाही."

मला दिलेली खोली ट्रक तोलायच्या मोठ्या काट्याला लागून आहे. टेबल, दोन खुर्च्या, माणसांचा काटा. बाजारातून एक माठ आणून दाराशी ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार

पहिली वजनं झाली. नियम सांगितला: दर मंगळवारी सकाळी, अनवाणी, खिसे रिकामे करून, लघवीला जाऊन आल्यावर. शेवटचं ऐकून सगळे जमिनीकडे बघायला लागले. काशीराम म्हणून एक ड्रायव्हर आहे, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "म्हंजे काट्याआधी पानी सोडायचा. ता आमाला नवीन नाय."

सगळे हसले. मला कळलं नाही. भागोजींनी समजावून सांगितलं. हे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, वय बावन्न, आणि सगळ्यांत जड: सत्त्याण्णव किलो. मासळीच्या गाडीत बर्फ वितळून पाणी साठतं. चेकनाक्याच्या काट्यावर गाडी जास्त भरू नये म्हणून अलीकडेच थांबायचं, मागचं बूच काढायचं, पाणी रस्त्यावर सोडायचं.

"स्टेपनी उतरवायची, क्लीनरला चालत धाडायचा. काटा पार झाला की परत घ्यायचा. गाडी तीच, पन काट्याला हलकी."

"म्हणजे फसवणूक," मी म्हटलं.

"फसवनूक कसली, बाय? काट्याला दाखवू तेवढाच दिसतो."

शब्द मात्र सोयीचा आहे. "पाणी सोडून आलात का?" असं विचारलं की कोणी लाजत नाही. तोच वापरायचं ठरवलं.

दिवसातून किती वेळा जेवता, असं प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, दोनदा. भागोजींच्या दिवसाचा हिशेब मांडला तेव्हा पहाटे चहा-बटर, हातखंब्याला भजी, चिपळूणला मिसळ-पाव, महाडला उसळ आणि चार पाव, शिवाय वाटेत सहा चहा, असं निघालं. "हे काय आहे मग?" मी विचारलं.

"ता काय जेवान हाय? भात खंय होता त्यात?"

जाताना काशीरामने विचारलं, "बाई, गाव कुठचा?" मंडणगड तालुका म्हटलं. गावाचं नाव सांगितलं. "वरची वाडी का खालची?" खालची, म्हटलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

२८ जानेवारी, मंगळवार

स्टोव्ह मांडून नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि पडवळाची भाजी करून दाखवली. तेल किती, ते चमच्याने मोजून. सगळ्यांनी लक्ष देऊन बघितलं. खायची वेळ आली तेव्हा एकाला गाडीत ग्रीस भरायचं आठवलं, एकाचा उपास निघाला, काशीरामची दाढ दुखायला लागली.

भागोजी मांडी घालून बसले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. "पिठीत आमसूल कमी पडला," म्हणाले. मग उठले, दाराशी जाऊन माठातून स्वतःच्या हाताने पाणी घेतलं, प्यायले, पुन्हा बुडवून प्यायले. "थंड हाय गो. बाजारातला माठ दिसत नाय."

"बाजारातलाच आहे."

"मग हात चांगला हाय."

माठ आणून वीस दिवस होत आले. त्यातलं पाणी आजवर मी सोडून कोणी घेतलं नव्हतं. बाकीचे उन्हातून आवार ओलांडून नळावर जातात. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. माझ्या हातात सरकारी शिक्क्याची पदविका आहे. माठ जिथे आहे तिथेच आहे. याबद्दल मी कोणाशी बोलत नाही. बोलण्याने काय होतं, ते आईकडे बघून शिकले आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायामाचं जमत नव्हतं. आवारात हातवारे करायला कोणी तयार नाही. शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातल्या बायका बघतात म्हणे. चाला म्हटलं तर, "ड्रायव्हर चालायला लागला तर गाडी कोन हाकील?"

तोड भागोजींनी काढली. निघण्याआधी ड्रायव्हर लोखंडी पहार घेऊन टायर ठोकून बघतात, हवा बरोबर आहे का ते आवाजावरून कळतं. भागोजी आता रोज सकाळी आवारातल्या सगळ्या गाड्यांचे टायर ठोकत दहा फेऱ्या मारतात. दुसऱ्याच्या गाडीचे टायर कोण ठोकतंय हे बघायला बाकीचे मागे फिरतात. शिव्या देत देत सगळे चालतात. हा उपाय माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

वजन: भागोजी ९४.५. अपेक्षेइतकं. पण या वेगाने एक एप्रिलला नव्वदच्या वर राहतील. त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. आकडा लपवणं मला बरोबर वाटत नाही.

"नाय उतरला तर काय करतील?"

"गेटवर बसवतील, असं आत्माराम म्हणाले."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "तीस वर्सा गाडी हाकतंय मी. आंब्याची पयली गाडी दरसाल माजी. आता गेटवर बसून दुसऱ्याला सलाम ठोकू? काशीराम भोंगा वाजवील नि मी दांडा वर करू?" हसत होते, पण हातातली टोपी पिळत होते.

मी म्हटलं, भात एक वाटी कमी करा आणि मीठ अर्धं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भागोजी ९१. दोन आठवड्यांत साडेतीन किलो. बाकीच्यांचं जेमतेम किलोभर. टायरच्या फेऱ्या वाढवल्या असाव्यात. आत्माराम मुद्दाम खोलीत येऊन आलेख बघून गेले.

ओठ फुटले आहेत. थंडी संपताना होतं. खोबरेल लावा म्हटलं. पाणी हवं का विचारलं तर, "नको, बाय," म्हणाले आणि माठाकडे पाठ करून बसले.

४ मार्च, मंगळवार

भागोजी ८८.५. रेघ पट्टीने मारावी तशी खाली येते आहे.

पोटऱ्यांना गोळे येतात म्हणाले. चालण्याची सवय नसलेल्या माणसाला येतात. आवाजही बसला आहे.

आजही पाणी घेतलं नाही. मी पेला भरून समोर ठेवला होता. त्यांनी बघितला, आणि नजर काढून घेतली. "पानी सोडून आलंय, बाय. चढू काय काट्यावर?" वजन झाल्यावर चप्पल घालायलाही थांबले नाहीत. खिडकीतून दिसलं: थेट नळावर गेले, तोंड लावून कितीतरी वेळ प्यायले, डोक्यावर घेतलं, परत प्यायले.

म्हणजे तहान होती. नळाचं चालतं.

कोणीतरी काही बोललं असेल. घरी कळलं असेल. माणूस एकदा घेतो, मग त्याला विचार करायला वेळ मिळतो. मला वाईट वाटलं असं नाही. फक्त हे त्यांच्या बाबतीत धरून चालले नव्हते.

विचारणार नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

१३ मार्च, गुरुवार

एक तांत्रिक अडचण. खोली धुवायला काढली म्हणून काटा हलवला होता. परत लावल्यावर तपासायला कोणीतरी हवं होतं. भागोजी समोरून जात होते, त्यांना बोलावलं. ते दारातच थांबले. "आज नको. आज मी लोडमदी हाय."

"फक्त काटा बघायचा आहे."

नाइलाजाने चढले. ८९.२. परवा मंगळवारी ८६ होते. दोन दिवसांत तीन किलो वाढणं शक्य नाही. भागोजी उतरले आणि पोरासारखे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "काटा बिघडलेला दिसतो." ते म्हणाले, "हां. काटाच असंल."

दुपारी बर्फाच्या कारखान्यातून प्रमाणित वजनं आणून काटा तपासला. दहा, वीस, पन्नास, तिन्हीला बरोबर दाखवतो. मग वाचताना माझी चूक झाली असणार. ८९.२ वर रेघ मारली आणि कडेला "वाचनदोष" असं लिहिलं.

माझी वाचनात चूक होत नाही. पण दुसरं स्पष्टीकरण नाही.

२७ मार्च, गुरुवार

शिमगा. आवार अर्धं रिकामं. भागोजी गावाहून येताना केळीच्या पानात पुरणपोळी घेऊन आले. "सोनूबाईनं केलंनीत. मी अर्धीच खाल्ली हा, इचार तिला. बाकी तुला." सोनूबाई त्यांची बायको.

देणं सोपं असतं. घेणं वेगळं. असं मनात आलं, आणि तरी पोळी घरी आणली आणि सगळी खाल्ली. उष्मांक मोजले नाहीत.

डोळे आत गेलेत त्यांचे. वजन उतरलं की चेहरा आधी ओघळतो.

१ एप्रिल, मंगळवार

भागोजी: ८४.५.

आठांपैकी तिघे अटीत बसले. काशीराम शंभर ग्रॅमने चुकला आणि काट्याला आईवरून शिवी दिली. विमावाल्यांच्या डॉक्टरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. डॉक्टरांनी भागोजींचा रक्तदाब बघितला, "खूपच छान उतरलाय की!" म्हणाले आणि सही केली. आत्मारामांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा ते मला कळत नाही.

काट्यावर चढण्याआधी मी नेहमीप्रमाणे विचारलं, "पाणी सोडून आलात?"

"सोडलंय, बाय. पुरता सोडलंय." आवाज जेमतेम फुटत होता. जीभ टाळूला चिकटल्यासारखी.

मी कागदावर खूण केली.

पहिली आंब्याची गाडी दुपारीच निघायची होती. भागोजी नळावर वाकलेले दिसले. प्यायलेलं सगळं उलटून पडलं, असं काशीराम सांगत होता. "खुशीनं पोटात ढवळला म्हाताऱ्याच्या." गाडीच्या टपावर आंब्याचा टाळा, पानांची डहाळी, बांधला होता. निघताना भागोजींनी माझ्या खिडकीसमोर गाडी मुद्दाम हळू केली आणि भोंगा वाजवला. मी हात वर केला. पूर्ण केला नाही, खांद्यापर्यंत.

२ एप्रिल, बुधवार

भागोजी गेले.

परशुराम घाट चढताना त्यांनी गाडी डाव्या अंगाला घेतली. क्लीनरला म्हणाले, "चाकाला दगड लाव." त्याने दगड लावला. वर येऊन बघतो तर ते स्टिअरिंगवर डोकं टेकून होते. दुसऱ्या गाडीतून चिपळूणच्या दवाखान्यात नेलं. पहाटे संपलं.

गाडीला ओरखडा नाही. एक पेटी हललेली नाही. आत्माराम हे दोनदा म्हणाले.

५ एप्रिल, शनिवार

उष्माघात, असं कागदावर आहे. शरीरातलं पाणी आणि क्षार संपले होते, मूत्रपिंडं बंद पडली, मग हृदय.

हे पटत नाही. एका दुपारच्या उन्हात एवढं पाणी जात नाही. त्याला कित्येक दिवस लागतात.

फुटलेले ओठ. पोटऱ्यांचे गोळे. बसलेला आवाज. हे सगळं मी इथे लिहिलं आहे. माझंच अक्षर आहे.

१३ एप्रिल, रविवार

उद्या चौदा एप्रिल. गावी जाणार होते. गेले नाही. पालीच्या पुढे भागोजींची वाडी आहे, तिथे जाऊन आले. काशीराम सोबत आला. मी बोलावलं नव्हतं. सबंध वाटेत एकही विनोद केला नाही.

सोनूबाई पडवीत बसली होती. मला वाटलं होतं रडेल, किंवा बोल लावील. तिने आधी मला नीट बघून घेतलं.

"तूच ती बाय?"

"हो. मी प्रेमला."

"लहान हायस गो."

मी विचारलं, घरी पाणी कसं पीत होते. हा प्रश्न आलेल्या कोणी विचारला नसावा. ती म्हणाली, "सोडला व्हता ना. तूच सांगितलेलंस."

"मी?"

"काट्याआधी पानी सोडायचा म्हनून. आयतवारपासून थेंब नाय. मंगळवारी पहाटे सोनामुखीचा काढा घ्यायचा, पोट धुवून काढायचा. मी म्हटलं, अवो मराल. म्हनले, गाडी काट्याला न्यायची तर हलकी करूनच न्यायला लागते. काटा पार झाला की मग हायच पानी. फुडंफुडं ते पन पोटात ठरंना."

काशीराम पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. तो खाली बसला. "आमी सगळेच करायचो, बाई," म्हणाला. "एक रात. लई तर एक दीस. म्हाताऱ्याला बारा किलोचा घाट व्हता."

मी म्हटलं, "माझ्याकडे येऊन ते माठातलं पाणी पीत नव्हते. नळावर जायचे."

"मग काय करतील?" सोनूबाई म्हणाली. "वजन झाल्यावर तुज्या माठाला लागले असते तर अर्धा माठ संपवलानी असता. तुला लगेच कळला असता. काट्याआधी तर तुज्या खोलीत बसवत नाय म्हनायचे. माठ समोर दिसतो, थंड पानी हाय तिचा, जीव खालीवर होतो." पदराने तिने तोंड पुसलं. "मना म्हनले व्हते, ती पोर हुशार हाय, एक दिवस इचारील, का हो पानी पीत नाय म्हनून. इचारलंन तर मना खोटा बोलवायचा नाय. तिला सांगून टाकीन." मग तिने माझ्याकडे बघितलं. "इचारलंस काय तू?"

"नाही," मी म्हटलं.

ती उठली, आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. भांडं भरून माझ्या हातात दिलं. "पी. उन्हातून आलीस."

प्यायले. सगळं प्यायले. तिने परत भरलं.

१५ एप्रिल, मंगळवार

तपासणीत न बसलेल्यांसाठी मंगळवारची वजनं चालूच आहेत. नवा नियम लावला. काट्यावर चढण्याआधी माझ्यासमोर एक पेला पाणी प्यायचं. पाणी या माठातलं. प्यायल्याशिवाय वजन नाही.

आत्माराम म्हणाले, "मॅडम, आकडे वाढतील."

"वाढू देत."

पाचजण आवारात होते. पेला समोर ठेवला तसे दोघे परत फिरले. मी त्यांना थांबवलं नाही, पण या वेळी विचारलं. मोठ्याने, बाकीच्यांसमोर. "पाणी का घेत नाही?" दोघांपैकी कोणी मागे वळलं नाही. विचारलेलं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

काशीरामने पेला उचलला, बराच वेळ हातात धरून उभा राहिला. मग एका दमात प्यायला. काट्यावर चढला. "लोड वाढला, बाई."

"वाढला," मी म्हटलं, आणि वाढलेलाच आकडा लिहिला.

सगळे गेल्यावर भागोजींचा आलेख बाहेर काढला. १३ मार्चच्या आकड्यावरची रेघ खोडता येत नाही, शाई आहे. त्याच्या शेजारी तो पुन्हा लिहिला: ८९.२. "वाचनदोष" हा शब्द तसाच ठेवला. तो बरोबर आहे.